पाव किलो

दुपारी शार्दूलनं स्क्रीन माझ्याकडे वळवली.
बावीस वर्षांचा माझा कोड
यंत्रानं अकरा सेकंदांत धुऊन, घड्या घालून ठेवलेला.
चार हजार ओळींच्या नऊशे.
"मॅडम, सगळ्या टेस्ट पास."
खोटं कशाला बोलू, सुरेख होता.
मी लिहिला असता तर ऑफिसात भडंग वाटलं असतं.

मग मी एक ओळ शोधली.
नव्हती.
दोन हजार तीनच्या जुलैत, मार्केट यार्डात,
मगदूम अण्णांच्या अडतीवर
हळदीनं पिवळ्या पडलेल्या कीबोर्डवर लिहिलेली:
पावसाळ्यात पोतं पाणी पितं. हा पाव किलो काढू नये.
वाक्य अण्णांचं. टंकलं मी.
शेजारी बारदानाच्या वजनात मिळवलेला तो आकडा.
यंत्राचा शेरा: कारण न सापडलेला आकडा, काढला.
कारण त्याच्या डोक्यावरच लिहिलं होतं
आणि टेस्टमधली सगळी हळद होती एप्रिलची.

शार्दूल म्हणाला, "टाकू का परत?"
मी म्हटलं, थांब.
कारण हेही खरं की तो पाव किलो अडत्याच्या बाजूचा.
बावीस वर्षं, दर पोत्यामागं,
पोतं ओलं असो की कोरडं,
मी तो पिकवणाऱ्याच्या वजनातून कापत आले
आणि ओळ किती नेटकी लिहिली म्हणून
स्वतःवर खूश राहिले.

छंद विचाराल तर फार नाहीत.
विश्रामबागेतल्या गच्चीवर पांढरी चादर टांगते,
मागं दिवा लावते,
येतील ते पतंग वहीत मांडते.
एकशे बेचाळीस झाले. त्यातले एकोणीस बिननावाचे,
त्यांना मीच काहीबाही म्हणायचे,
करपलेली पोळी, तलाठी, उषामावशीचं लुगडं.
दिवाळीत भाचीनं फोन धरला
आणि पाच मिनिटांत एकोणीसच्या एकोणीस नावं.
बरोबरच असणार.
त्यानंतर तीन आठवडे
चादर कपाटातून बाहेर निघाली नाही.

दुसरा छंद सायकल. रविवारी हरिपूर, संगमापर्यंत.
तिथं मौलाचाचा नदाफ बसलेले असतात,
पेवांच्या जमिनीकडं तोंड करून.
जमिनीच्या पोटात हळद ठेवायची ती पेवं.
बरीचशी पुरानं खचली, उरलेल्यांवर गवत.
चाचा त्यात उतरायचे.
"तोंड उघडायचं, दिसभर तसंच ठेवायचं.
मग दोरीनं कंदील सोडायचा.
ईझला, तर आत हवा न्हाई."

मला हे ऐकताना बरं वाटलं.
मनात म्हटलं, चला, सापडलं.
न लिहिलेला कोडही असाच, तोंड बंद, पोटात काय ते माहीत नाही,
कंदील सोडणारं माणूस लागणारच,
म्हणजे मी लागणारच.
पगार, हप्ते, पन्नाशीपर्यंतची उरलेली चार वर्षं
सगळं त्या एका कंदिलाला टांगून पाहिलं.

विचारलं, "ईझला, की कुणी उतरायचं नाही ना?"
चाचा हसले. खालचे दात नाहीत.
"उतरायचं की. बाजारला माल पायजे.
ईझला तर मजुरी दुप्पट."

सायकल परत वळवली तेव्हा
चेन दोनदा पडली.
हात काळे, त्यावर नखांत कुठून तरी हळद,
चाचांच्या कट्ट्याची असेल.

रात्री फाइल उघडली.
पाव किलो परत घातला नाही.
ओळ घातली.
पावसाळ्यात पोतं पाणी पितं.
पुढं लिहिलं: किती ते दर वेळी मोजून बघावं.
यंत्रानं लगेच खाली करड्या अक्षरांत
पुढचं वाक्य सुचवलं.
वाचलं.
वाईट नव्हतं.

मग गच्चीवर जाऊन दिवा लावला.